झेंडूनं झाकलेला आरसा

गणपतमामा गेल्याची बातमी मला बसच्या कंडक्टरनं आणून दिली. परतवाड्याला आमच्या शाळेसमोरच अमरावतीची बस थांबते आणि त्या बसवरचे बहुतेक ड्रायव्हर-कंडक्टर मामांना ओळखायचे. का ओळखायचे, ते पुढं येईलच. सकाळची शाळा भरत होती, मुली प्रार्थनेला उभ्या होत्या आणि हा माणूस फाटकातून आत येऊन टोपी हातात धरून उभा राहिला. "बाई, तुमचे मामा..." एवढंच म्हणाला आणि जमिनीकडे पाहू लागला. मी त्याला पुढचं बोलू दिलं नाही. अमरावतीच्या दवाखान्यात मामांना भरती करून काही दिवस झाले होते आणि आदल्याच रविवारी मी त्यांना भेटून आले होते. श्वास लागत होता, बोलायची मनाई होती, आणि मनाई केली की जास्त बोलायचं हा त्यांचा जन्माचा स्वभाव. मी निघताना त्यांनी मला जवळ बोलावलं. वाटलं, आता मामीला सांभाळ म्हणतील, नाहीतर आशीर्वाद देतील. तर म्हणाले, "बसच्या मागं एक चक्कर मारजो शालू, अन् मंग चढजो." मला हसू आलं आणि रागही आला. त्या सकाळी त्याच बसमध्ये चढताना मला त्यातलं काहीच आलं नाही, नुसतं रडू आलं.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. घर अकोल्याच्या जुन्या शहरातलं, मोर्णा नदीच्या पलीकडचं, पण सगळी नोकरी बडनेऱ्याच्या यार्डात गेली, शंटिंगचं इंजिन चालवण्यात. डबे इकडून तिकडं न्यायचे, जोडायचे, तोडायचे. "दुसऱ्याच्या गाड्या लावून देल्या, आपली गाडी घेऊन कुठी गेलो नाही," अशी त्यांची कुरकुर असायची. रेल्वेतून रिटायर झाल्यावर त्यांना स्वतःची गाडी मिळाली, ती मात्र भलतीच. अमरावतीहून बडनेऱ्याला जाणाऱ्या रस्त्यावर एका कापसाच्या जिनवाल्या शेठजींची मोठी बाग होती. आत तळं, पोपटांचे पिंजरे, हिवाळ्यात प्रदर्शन भरायचं. शेठजी एकदा कुठं बाहेरगावी गेले, तिथं त्यांनी बागेतून माणसं नेणारी छोटी आगगाडी पाहिली आणि तिचं वेडच घेऊन आले. जुन्या मोटारीचं इंजिन, त्यावर पत्र्याचं धुराडं, मागं उघडे तीन डबे, आणि फाटकापासून तळ्यापर्यंत अरुंद रूळ. ही गाडी चालवायला मामांना ठेवलं. शेडच्या मागं दोन खोल्या दिल्या. मी तेव्हा अमरावतीच्या कॉलेजात होते, ती त्या दोन खोल्यांतच राहायला गेले.

ते दिवस आठवले की मामांचा तो काळा कोट आठवतो. लेकरांनी बसायच्या गाडीसाठी हा माणूस रेल्वेचा पितळी बटणांचा कोट घालून जायचा. मामी म्हणायची, "कलकत्ता मेल घेऊन चालले जसे!" मामांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी बागेत सगळा रेल्वेचा कारभार चालू केला. पांडुरंग नावाचा बागेतला एक माळी होता, त्याला गार्ड केलं, शिट्टी दिली, हिरवी आणि लाल झेंडी दिली. पांडुरंगानं हिरवी दाखवल्याशिवाय गाडी हलायची नाही, मग डब्यात खुद्द शेठजींचे जावई बसलेले असोत. आणि इंजिनाच्या बाजूला त्यांनी आपल्या हातानं एक गोल आरसा बसवून घेतला होता. बसल्या जागेवरून तिन्ही डबे त्यात दिसायचे, शेवटच्या पायरीपर्यंत. झेंडी पाहायची, मग आरसा पाहायचा, मगच ब्रेक सोडायचा. यार्डात असा आरसा नव्हता, तिथं मान बाहेर काढून पाहावं लागायचं. म्हणून या आरशाचं त्यांना फार कौतुक. रोज सकाळी त्याला पुसायचे, तेव्हा मामी मला कोपरानं ढोसायची.

बागेच्या फाटकाशी तुळशीराम आणि त्याची बायको कौसल्याबाई हार-गजरे विकायला बसत. गावाबाहेर त्यांचा फुलांचा मळा होता. तुळशीराम मोठ्या आवाजाचा, दिलदार, थोडा शेखी मिरवणारा माणूस. दुपारी गर्दी नसली की तो शेडमध्ये यायचा आणि मामांसोबत चहा पीत बसायचा. दोघांचं भांडण ऐकण्यासारखं असे, कारण भांडणाला विषयच नसायचा. दसऱ्याला हत्यारांची, यंत्रांची पूजा होते, तसं आमच्या गाडीचंही पूजन व्हायचं, आणि तो मान तुळशीरामचा. पहाटे मळ्यातून झेंडू तोडून आणायचा आणि पोळ्याच्या बैलासारखं इंजिन सजवायचा. दर वर्षी मागच्या वर्षीपेक्षा जास्त फुलं. मामा "पुरे, पुरे" म्हणत आणि तो ऐकत नसे.

त्या दसऱ्याला त्यानं हद्द केली. इंजिनाचा पत्रा कुठं दिसेना. धुराड्याला हार, दिव्यांना हार, आणि आरशावर असा घट्ट गोल हार बसवला की मधे काच दिसायची सोय नाही. "इंजनाले नवरदेव केला गणपतभाऊ, आता मुंडावळ्या काढू नका!" असं तो ओरडला आणि जमलेली सगळी माणसं हसली. मीही तिथंच होते, मीही हसले. नारळ फुटला, पहिल्या फेरीला लोक डब्यांत बसले. तुळशीराम मागच्या डब्याला आंब्याच्या पानांचं तोरण बांधून उतरला, ते पांडुरंगानं पाहिलं. त्यानं शिट्टी दिली, हिरवी झेंडी दाखवली. पण तोरणाचा एक तुकडा उरला होता, आणि तुळशीराम तो डब्यांच्या मधल्या साखळीला बांधायला पलीकडच्या, आरशाच्या बाजूनं पुन्हा आत शिरला होता, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मामांनी झेंडी पाहिली. मग सवयीनं आरशाकडे पाहिलं. आरशात झेंडू. ब्रेक सुटला... पुढचं मी लिहिणार नाही. एवढंच सांगते, की गाडी हातभरसुद्धा गेली नव्हती, आणि ती ओरड गाडीतल्या लेकरांना आनंदाचीच वाटली.

चौकशी झाली. पोलीस आले, शेठजींनी इंजिनिअर आणला, सगळ्यांनी मोजमाप केलं आणि कोणाचाच दोष नाही असं ठरलं. घरी येऊन मामा ओट्यावर बसले. मामीनं पाणी दिलं, ते तसंच हातात राहिलं. म्हणाले, "कोनाचाच दोष नाई म्हन्ता, मंग माणूस मेला कसा? आरशात मले झेंडू दिसला, शालू. मी हासलो. त्याच्यावर हासलो मी, अन् गाडी सोडली." हे त्यांनी एकदाच सांगितलं. पुन्हा कधी त्या सकाळविषयी त्यांच्या तोंडून शब्द ऐकला नाही.

गाडी शेडमध्ये गेली, तिच्यावर ताडपत्री पडली. मामांचा कोट खुंटीवर. ते दिवसभर बागेत पालापाचोळा गोळा करायचे, जेवायला बसले की दोन घासांत उठायचे. कौसल्याबाई सुतक फिटल्यावर पुन्हा फाटकाशी बसू लागली, लहान पोरगी मांडीवर घेऊन. मामा तिच्यासमोरून जायचे टाळत. बाजारात जायचं झालं तर बागेच्या मागच्या कुंपणातून वाकून बाहेर पडत. साठीच्या माणसाला असं काट्यांतून निघताना पाहून मला इतकं भरून यायचं, की मी उगाच मामीवर चिडायची. शेठजींचा विचार निराळा होता. प्रदर्शन तोंडावर आलेलं. त्यांनी ठरवलं, गाडीला नवा निळा रंग द्यायचा, नवं नाव द्यायचं, नागपूरहून नवा ड्रायव्हर आणायचा. "लोग भूल जाते हैं गणपतराव," ते म्हणाले. मामा एरवी शेठजींसमोर मान खाली घालून उभे राहणारे. त्या दिवशी मात्र म्हणाले, "लोकं भुलतीन मालक. रंग देऊन गाडी नवी होईन, पन माणूस मेला तो मेलाच ना. गाडी बंदच राहू द्या. त्या बाईच्या डोळ्यासमोर ते चाक फिरू नये." शेठजींना दया आली म्हणा की भीती वाटली म्हणा, त्यांनी विषय थांबवला. आम्हा सगळ्यांना वाटलं, झालं ते योग्यच झालं. कौसल्याबाईला काय वाटतं हे विचारायला मात्र कोणी गेलं नाही. आम्ही तिच्या दुःखाचा मान राखत होतो ना!

ती स्वतःच आली. दुपारची वेळ, मामा ओट्यावर बसून खुरप्याला दांडा बसवत होते. कौसल्याबाईनं डोक्यावरची टोपली खाली ठेवली. आत सकाळचे गजरे तसेच, कडा काळ्या पडलेल्या. मामा उठून आत जायला लागले तशी म्हणाली, "बसा भाऊ. पळू नका." मग टोपलीकडे बोट दाखवलं. "हे पाहा. गाडी बंद, तं माणसं बंद. बागेत कोनी येऊन नाई राहिलं. गाडी काहून बंद ठेवली?"

मामा खुरपं हातात घेऊन दाराशीच थांबले. "वयनी... तुमच्यासाठीच तं..."

"मले इचारलं कोनी? माह्या नावानं गाडी बंद केली, अन् चूल माही बंद पडली. त्याचा जीव गेला, आता पोरीचाबी घेता काय?"

मामी आतून लगबगीनं आली, तिला वाटलं बाई भांडायला आली आहे. पण कौसल्याबाईचा आवाज चढलेला नव्हता. उलट ती दमल्यासारखी खाली बसली. मामा म्हणाले, चालू दे गाडी, शेठजी नवा ड्रायव्हर आणतो म्हणतात, मी आडवा येत नाही. त्यावर तिनं जे उत्तर दिलं ते मी आजवर विसरले नाही. "नवा डायवर म्हनन, मले काय मालूम इथं काय झालं ते. तो झेंडी पाहीन अन् सोडून देईन. तुमाले मालूम हाय. तुमीच चालवा. तुमी चालवसान तं पयल्या फेरीत मी बसतो, पोरीले घेऊन. दुसऱ्यानं चालवली, तं मी फाटकातबी पाय नाई ठेवणार." मामांनी खुरपं खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मामांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी गाडी बाहेर काढली. रंग तोच जुना, नाव तेच. मामांनी इंजिनाला एकही फूल लावू दिलं नाही, आरसा मात्र सकाळपासून किती वेळा पुसला असेल कोण जाणे. गर्दी आली होती, पण डब्यांत कोणी चढेना. लोक दूर उभे राहून पाहत होते. कौसल्याबाई पोरीला कडेवर घेऊन आली. सरळ डब्यात न बसता ती इंजिनापासून मागं चालू लागली. प्रत्येक दोन डब्यांच्या मधे वाकून पाहायची, साखळीला हात लावायची आणि पुढं जायची. शेवटच्या दोन डब्यांच्या मधे ती थांबली. तिथं ती वाकली नाही. किती वेळ झाला... पोरगी तिच्या कानातलं ओढत होती, पांडुरंग झेंडी गुंडाळून धरून उभा होता, आणि मामा पुढं आरशात पाहत होते. त्यांना ती आरशात दिसत होती. मग ती वाकली, साखळीवर हात ठेवला, पलीकडच्या बाजूनं फिरून पुढं आली. इंजिनाजवळ येऊन तिनं पदरानं तो पुसलेला आरसा पुन्हा पुसला आणि म्हणाली, "वाट मोकळी हाय, भाऊ." आणि जाऊन शेवटच्या डब्यात बसली, त्याच जागेपाशी.

गाडी बैलबंडीच्या चालीनं तळ्यापर्यंत गेली आणि परत आली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ती उतरली, आपल्या जागेवर जाऊन बसली आणि तिनं गजरे मांडले. दुसऱ्या फेरीला डबे भरले.

त्या दिवसापासून मामांनी नियमच केला. झेंडी दाखवा, शिट्टी द्या, पण बसणाऱ्यांपैकी एकानं गाडीभोवती पायी फिरून यायचं, दर दोन डब्यांमधे वाकून पाहायचं आणि ड्रायव्हरजवळ येऊन तोंडानं सांगायचं, वाट मोकळी हाय. त्याशिवाय ब्रेक सुटणार नाही. शेठजी वैतागले, फेऱ्या कमी होतात म्हणाले, मामांनी ऐकून सोडून दिलं. पुढं पुढं तर कोणी फिरायचं यावरून बायकांची भांडणं व्हायला लागली. एकदा एका जाडजूड मामलेदारीणबाईंनी हट्टानं फेरी मारली, वाकताना त्यांना धाप लागली, आणि तरी "वाट मोकळी हाय" हे त्या अशा थाटात म्हणाल्या की मामांनी त्यांना सॅल्यूट ठोकला. दसऱ्याला पूजा व्हायची, हार यायचे कौसल्याबाईच्याच हातचे, पण ते इंजिनासमोर जमिनीवर पाटावर ठेवायचे. गाडीवर एक फूल, तेही धुराड्यावर.

पुढं शेठजी वारले, मुलांनी बाग विकली, गाडी भंगारात गेली. मामांनी मागून आणला तो फक्त आरसा. अकोल्याच्या घरी पुढच्या खोलीत, खिडकीशेजारी तो टांगला आणि रोज त्यात पाहून दाढी केली. गाडी गेली तरी सवय गेली नाही, ती वाढली. बसमध्ये चढण्याआधी हा माणूस बसभोवती फिरायचा, वाकून खाली पाहायचा आणि मग पुढं जाऊन ड्रायव्हरला सांगायचा. काही ड्रायव्हर हसायचे, काही खेकसायचे, "ओ बाबा, बसता का जाऊ?" पण परतवाडा-अमरावती-अकोला रस्त्यावरचे पुष्कळजण त्यांची वाट पाहायला लागले होते, मामा दिसले की म्हणायचे, "या मामा, मोकळी हाय का वाट?" शेजारच्या लग्नात तर कहर झाला. नवरदेवाची मोटार सजवलेली, आरशावर हाराचा गोंडा. मामांनी सगळ्यांदेखत तो ओढून काढला. नवरदेवाचा काका अंगावर धावून आला, अपशकुन म्हणून आरडाओरडा झाला, आणि वधूपित्याला वरपक्षाचा मानपान बाजूला ठेवून माझ्या मामांचीच समजूत काढत बसावं लागलं. मामीनं घरी आल्यावर त्यांना असं फैलावर घेतलं की बस. "तुमचं हे येड जाईन तं तुमच्यासंगच जाईन!" असं ती म्हणाली होती.

मी अमरावतीला पोहोचले तेव्हा दवाखान्याच्या दाराशी ट्रक उभा होता. मामांना अकोल्याला न्यायचं होतं, मोर्णेच्या काठी. बडनेऱ्याची रेल्वेतली माणसं आली होती, त्यांनी प्रेमानं ट्रकला झेंडूच्या माळा बांधल्या होत्या, पुढं, बाजूला, फळीवर. ड्रायव्हरच्या आरशावरही एक जाड माळ होती. मला ते दिसलं, पण मी पुढं झाले नाही. कौसल्याबाई माझ्याआधी येऊन पोहोचली होती. केस पांढरे झालेले, सोबत तिची पोरगी, आता चांगली उंच झालेली. कौसल्याबाई सरळ ड्रायव्हरच्या बाजूला गेली. पायरीवर चढून तिनं आरशावरची माळ काढली, काच पदरानं पुसली. ट्रकभोवती फिरली, मागच्या चाकांपाशी वाकली. माळ मामांच्या पायांवर ठेवली. मग ड्रायव्हरच्या दाराशी आली. तिनं नुसता हात वर केला. ट्रक निघाला. मामी ट्रकमध्ये मामांच्या उशाशी बसली होती आणि कौसल्याबाईकडे पाहत होती.

परवा मी अकोल्याला जाऊन आले. पुढच्या खोलीत मामांचा फोटो लावलाय, आरशाच्या खाली. फोटोला हार आहे, पण तो असा घातलाय की वरच्या आरशाला एक पाकळीही लागू नये. कोणी लावला विचारलं तर मामी म्हणाली, "मी. अजून कोन लावनार?" त्या आरशात दार दिसतं आणि दाराबाहेरची गल्ली दिसते. मामी दिवसभर तिथंच बसून असते. एवढे आठवडे झाले, बायका बोलवायला येतात, ती उंबरठ्याच्या बाहेर पाऊल टाकत नाही. मी निघाले तेव्हा टांगा दाराशी आला. मी सामान ठेवलं, वर चढून बसले, आणि मामीला बघायला मान वळवली तर ती आत नव्हती. ती गल्लीत उतरली होती. पदर कमरेला खोचून टांग्याच्या मागं गेली, वाकून चाकांखाली पाहिलं, घोड्याच्या बाजूनं फिरून पुढं आली आणि टांगेवाल्याच्या समोर उभी राहिली. टांगेवाला गोंधळून लगाम धरून बसला होता.

"वाट मोकळी हाय," मामी म्हणाली. "चाल आता, बापा."